दोन धरणांकाठची दोन शिल्पे : राम सुतार यांच्या शिल्पकारकीर्दीचा पुनर्विचार

प्रस्तावना

ज्येष्ठ शिल्पकार राम वनजी सुतार यांचे डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली होती. त्यांच्या नावाचा उल्लेख होताच पाठोपाठ एक आकडा उच्चारला जातो, तो म्हणजे १८२ मीटर. गुजरातमधील सरदार वल्लभभाई पटेल यांच्या पुतळ्याची ही उंची असून तो जगातील सर्वांत उंच पुतळा ठरला आहे. शिल्पकाराच्या सात दशकांच्या कामाचे मोजमाप एका आकड्याने व्हावे ही गोष्ट त्याच्या लौकिकाला पूरक असली, तरी त्याच्या कलेला न्याय देणारी नाही. चित्राविषयी मराठीत काही प्रमाणात समीक्षा झाली आहे. शिल्पाविषयी मात्र बहुधा गौरव केला जातो किंवा वाद घातला जातो आणि शिल्प पाहायचे राहून जाते.

प्रस्तुत लेखात सुतार यांच्या कारकीर्दीच्या दोन टोकांवरील दोन शिल्पांची तुलना केली आहे. पहिले शिल्प चंबळ नदीवरील गांधीसागर धरणाजवळचे, तर दुसरे नर्मदेवरील सरदार सरोवराजवळचे आहे. दोन्ही धरणांकाठी आहेत आणि दोन्ही राष्ट्रउभारणीच्या कल्पनेशी जोडलेली आहेत. त्यांच्यामधील सुमारे सहा दशकांच्या काळात शिल्पकाराच्या हातातील निर्णय कसे कमी होत गेले, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

जडणघडण : गोंदूर ते जे. जे.

सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी कारागीर कुटुंबात झाला. आडनावातच व्यवसाय असलेल्या या घरात साहित्याची पारख, अवजारांची निगा आणि मापाचा काटेकोरपणा या गोष्टी शिकवाव्या लागत नसत. जोशी गुरुजींसारख्या कलाशिक्षकाने त्यांच्यातील गुण हेरून त्यांना मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेची वाट दाखवली. तेथे १९५३ मध्ये शिल्पकलेतील प्रावीण्याबद्दल त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले.

जे. जे. मध्ये त्यांना लाभलेली परंपरा वास्तववादी व्यक्तिशिल्पाची होती. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६ मध्ये, ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवून युरोपीय शरीररचनाशास्त्राला मराठी स्त्रीच्या वेषभूषेची आणि चालीची जोड दिली होती. विनायकराव करमरकर यांनी पुण्यातील १९२८ च्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याने भव्य कांस्यशिल्प भारतीय शिल्पकारालाही साधते हे सिद्ध केले होते. या परंपरेची पद्धत रचत जाण्याची होती. आधी सांगाडा उभा करायचा, त्यावर माती चढवायची, मग साचा घ्यायचा आणि शेवटी धातू ओतायचा. हातून चूक झाली तर मातीचा गोळा पुन्हा लावता येतो. सुतार यांचे शिक्षण एवढ्यावरच थांबले असते, तर ते या परंपरेतील एक निष्णात व्यक्तिशिल्पकार ठरले असते. परंतु पुढील चार वर्षांनी त्यांना वेगळी दृष्टी दिली आणि ती चार वर्षे मराठवाड्यातील आहेत.

वेरूळ-अजिंठ्याचा संस्कार

१९५४ ते १९५८ या काळात सुतार तत्कालीन औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात नोकरीस होते. वेरूळ आणि अजिंठा येथील भग्न शिल्पांची डागडुजी हे त्यांचे काम होते. त्यांच्या चरित्रात या नोकरीची नोंद एका ओळीत आटोपली जाते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र हा टप्पा कळीचा आहे.

डागडुजीच्या कामाची शिस्त नवनिर्मितीच्या नेमकी उलट असते. तेथे कलावंताला स्वतःचा ठसा उमटवायचा नसतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या अनाम कारागिराचा हात कसा वळला असेल, छिन्नी कोठे थांबली असेल, हे ओळखून स्वतःचा हात त्याच्यामागे लपवायचा असतो. पुढील आयुष्यात महात्मा गांधी, पटेल, गोविंद वल्लभ पंत, महाराजा रणजितसिंह अशा व्यक्तींचे पुतळे घडवताना सुतार यांनी स्वतःची शैली कोठेही मिरवली नाही. हा संयम त्यांना वेरूळने शिकवला असे म्हणण्यास जागा आहे.

दुसरा संस्कार पद्धतीचा आहे. वेरूळचे कैलास लेणे रचलेले नसून कोरलेले आहे. बेसाल्टचा डोंगर वरून खाली तासत नेऊन नको तो दगड काढून टाकला आणि उरले ते मंदिर. येथे चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. उतरवलेला दगड परत चढवता येत नाही. मातीत वाढलेल्या तरुण शिल्पकाराने चार वर्षे या निर्णयांच्या सान्निध्यात काढली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तिसरा संस्कार भव्यतेच्या मापाचा आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प सुमारे ७ मीटर लांबीचे आहे. तरीही पाहणारा त्यापुढे दबून जात नाही. पहुडलेल्या बुद्धमूर्तीच्या पायथ्याशी शोकमग्न शिष्यांच्या लहान आकृती आहेत. त्यांच्या दुःखातून पाहणाऱ्याला त्या विशाल देहापर्यंत जाण्याची वाट मिळते. भव्य शिल्पात माणसाला उभे राहण्यासाठी जागा कशी ठेवावी याचा हा उत्तम पाठ आहे.

गांधीसागर : कोरलेली नदी

पुरातत्त्व विभागानंतर सुतार यांनी दिल्लीत माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या दृक्-श्राव्य प्रसिद्धी विभागात काही काळ नोकरी केली आणि १९५९ मध्ये ती सोडून स्वतंत्र व्यवसाय पत्करला. याच सुमारास त्यांच्याकडे चंबळ स्मारकाचे काम आले. मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या संयुक्त चंबळ खोरे प्रकल्पातील गांधीसागर हे धरण १९६० मध्ये पूर्ण झाले. त्याच्याजवळ सुतार यांनी ४५ फूट उंचीचे शिल्प घडवले. माता चंबळ आणि तिची दोन मुले असा त्याचा विषय आहे. ही दोन मुले म्हणजे नदीचे पाणी वाटून घेणारी दोन राज्ये होत.

या शिल्पात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे कल्पना. भाषावार प्रांतरचनेच्या त्या दशकात पाण्यावरून राज्याराज्यांत ओढाताण सुरू झाली होती. अशा वेळी करारातील कलमांना एका कुटुंबाचे रूप देणे ही शिल्पकाराची प्रतिभा आहे. नदीला स्त्रीरूप देण्याची प्रथा जुनीच आहे. वेरूळच्या २१ व्या, रामेश्वर लेण्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी असलेली गंगा आहे. कैलास लेण्याच्या आवारात गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे स्वतंत्र दालन आहे. चार वर्षे त्या परिसरात वावरलेल्या शिल्पकाराच्या मनात या नद्या असणारच. पण वेरूळच्या नद्या देवतेच्या दारातील पावित्र्याच्या खुणा आहेत, तर चंबळ ही नागरिकांची आई आहे. जुन्या प्रतिमेला लोकशाहीतील अर्थ देण्याचे काम येथे झाले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे साहित्य. हे शिल्प काँक्रीटच्या सलग ठोकळ्यातून कोरून काढले आहे. काँक्रीट हे त्या पिढीच्या धरणांचे, पुलांचे आणि कारखान्यांचे साहित्य होते. त्यात घडवलेली नदीची मूर्ती आपल्या काळाशी प्रामाणिक राहते.

तिसरी गोष्ट म्हणजे पद्धत. काँक्रीट एरवी साच्यात ओतले जाते. सुतार यांनी ते दगडासारखे तासले. नव्या साहित्यावर त्यांनी कैलास लेण्याची वजाबाकीची रीत वापरली. त्यामुळे या शिल्पाला घनता आहे. ते पोकळ कवच वाटत नाही, कारण ते तसे नाहीच.

या शिल्पाने पंडित जवाहरलाल नेहरू प्रभावित झाले. भाक्रा धरणाच्या कामगारांचे स्मारक सुतार यांनी करावे असा विचार पुढे आला, पण ते प्रत्यक्षात उतरले नाही. हे स्मारक झाले असते तर सुतार यांच्या कारकीर्दीला कदाचित निराळे वळण लागले असते. नामवंत नेत्याऐवजी निनावी श्रमिक हा त्यांच्या भव्य शिल्पाचा विषय झाला असता. तसे घडले नाही. पुढील काळात शासनाकडून आणि संस्थांकडून मागणी आली ती प्रामुख्याने पुतळ्यांची.

व्यक्तिशिल्पे : गांधींचा चेहरा

सुतार यांचे गांधींचे अर्धशिल्प भारत शासनाने इंग्लंड, फ्रान्स, इटली, रशिया, मलेशिया, बार्बाडोस तसेच दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना अशा अनेक देशांना भेट दिले. गांधींना न पाहिलेल्या जगभरातील असंख्य लोकांना त्यांच्या चेहऱ्याची घडण या शिल्पातून कळली, ही साधी गोष्ट नाही.

व्यक्तिशिल्पातील मोठी अडचण साम्याची असते. साम्य साधले नाही तर लोक नाकारतात आणि साम्यापुरतेच थांबले तर शिल्प छायाचित्राची नक्कल होते. सुतार यांचा मार्ग मधला आहे. त्वचेच्या सुरकुत्या, पापण्यांचा भार, ओठांच्या कडा असे तपशील ते बारकाईने घडवतात, पण एकूण आकार शांत ठेवतात. संसद परिसरातील ध्यानस्थ गांधींच्या १६ फुटी कांस्यशिल्पात हे विशेष जाणवते. त्याचे अनावरण २ ऑक्टोबर १९९३ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले. मांडी घालून बसलेल्या या आकृतीत नाट्य जवळजवळ नाही. डोके, खांदे आणि गुडघे यांच्यामुळे रुंद पायाचा एक स्थिर त्रिकोण तयार होतो आणि दृष्टी आपोआप मिटल्यासारख्या डोळ्यांवर येऊन थांबते.

शिल्प लोकांनी आपलेसे केले की नाही, याची एक कसोटी त्याच्या वापरात असते. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या पक्षांचे खासदार निषेध नोंदवण्यासाठी याच गांधींच्या पायाशी येऊन बसत राहिले. सत्ता कोणाचीही असली तरी विरोधाची जागा तीच राहिली. जून २०२४ मध्ये हा पुतळा संसद परिसरातच उभारलेल्या प्रेरणा स्थळावर इतर पुतळ्यांसमवेत हलवण्यात आला. शिल्प जागेवरून हलले की त्याचा अर्थही हलतो, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे. शिल्पकाराने घडवलेल्या आकारात तसूभरही फरक पडला नाही, पण त्याच्याभोवतीचा सार्वजनिक व्यवहार बदलला.

सरदार सरोवर : रचलेला पुतळा

केवडियाजवळील पटेल यांच्या पुतळ्याचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. तेव्हा सुतार ९३ वर्षांचे होते. काँक्रीटचे गाभे, त्यांच्याभोवती पोलादी सांगाडा आणि त्यावर कांस्याचे आवरण अशी त्याची रचना आहे. शिल्पकाराने घडवलेल्या प्रतिकृतीवरून संगणकीय मोजणी झाली, अभियंत्यांनी भार आणि वारा यांची गणिते मांडली, बांधकाम एका मोठ्या भारतीय कंपनीने केले आणि कांस्यपत्रे चीनमधील ओतशाळेत ओतली गेली.

या शिल्पात सुतार यांचे कौशल्य कोठे दिसते? ते दिसते उभे राहण्याच्या ढबीत. हात बाजूला सोडलेले, अंगावर शाल, पायांत साध्या वहाणा आणि नुकतेच चालू लागल्यासारखे पाऊल. हातवारे नाहीत, शस्त्र नाही, विजयाची खूण नाही. खेड्यातील एखादा करारी वडीलधारा माणूस शेताच्या बांधावर उभा राहावा तशी ही आकृती आहे. अशी आकृती पायाशी अरुंद आणि वर रुंद असते, म्हणजे उंच बांधकामाच्या सोयीच्या नेमकी विरुद्ध. पुतळ्याखाली मोठा घेर घेतला असता तर काम सोपे झाले असते, पण धोतर नेसून पावले टाकणारे पटेल उरले नसते. येथे अभियांत्रिकीने शिल्पाच्या मागे जावे असे ठरले आणि त्याचे श्रेय शिल्पकाराच्या आग्रहाला द्यावे लागते.

असे असूनही चंबळशी तुलना केल्यास काही प्रश्न उभे राहतात. १८२ मीटर ही उंची चंबळ शिल्पाच्या सुमारे तेरापट आहे, मात्र अर्थाची श्रीमंती त्या प्रमाणात वाढलेली नाही. शिल्प हे भोवती फिरून, जवळ-दूर जाऊन, सावलीचे बदल न्याहाळून पाहण्याची वस्तू आहे. या पुतळ्याच्या पायाशी उभे राहिले तर चेहरा दिसत नाही. चेहरा नीट दिसेल इतके दूर गेले तर पृष्ठभागाचा पोत हरवतो. छातीच्या उंचीवर, सुमारे १५० मीटरवर, प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. तेथे पोचलेला माणूस शिल्प पाहत नाही, तो शिल्पाच्या आतून धरण पाहतो. त्या क्षणी शिल्पाचा मनोरा होतो. चंबळ शिल्प ठोकळ्यात आत जात जात सापडले आहे. पटेलांचा पुतळा पोकळीभोवती बाहेरून चढवलेला आहे. वजाबाकीची रीत संपून बेरजेची रीत परत आली, आणि ती बेरीज आता शिल्पकाराच्या एकट्याच्या हातातील राहिली नाही.

आणखी एक मुद्दा टाळता येत नाही. या पुतळ्याची दृष्टी ज्या धरणाकडे आहे त्याच्या जलाशयात महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हे तालुके धुळे जिल्ह्यातच, म्हणजे शिल्पकाराच्या जन्मजिल्ह्यात होते. गांधीसागराच्या पाण्याखालीही अनेक गावे गेली आहेत. चंबळ शिल्पातील आई दोन राज्यांना कुशीत घेते, विस्थापितांना मात्र त्या कुशीत जागा नाही. शिल्पकाराला यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. तथापि धरणांकाठच्या स्मारकांची समीक्षा करताना त्यांनी काय दाखवले याबरोबरच काय दाखवले नाही, हेही नोंदवणे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

कर्ता कोण?

अतिभव्य शिल्पात कर्तृत्व विभागले जाते, हा अनुभव केवळ भारतातील नाही. दक्षिण अमेरिकेतील सर्वांत परिचित शिल्प म्हणजे ब्राझीलमधील रिओ येथील ख्रिस्ताची मूर्ती. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या ३० मीटर उंचीच्या मूर्तीचा आराखडा स्थानिक अभियंता हेतोर दा सिल्वा कोस्ता यांचा, शिल्पकल्पन फ्रेंच शिल्पकार पॉल लँडोव्स्की यांचे आणि चेहरा रुमानियन शिल्पकार गेओर्गे लिओनिदा यांनी घडवलेला आहे. वरील आवरण शंखजिऱ्याच्या दगडाच्या लहान त्रिकोणी तुकड्यांचे असून ते तुकडे चिकटवण्याच्या कामात अनेक स्त्रियांनी हातभार लावला. एवढ्या हातांनी घडलेली ही मूर्ती जगात ‘रिओची’ म्हणून ओळखली जाते. ती कोणा एकाची म्हणून ओळखली जात नाही.

आपल्या परंपरेतही कर्त्याचे नाव हा जुनाच प्रश्न आहे. श्रवणबेळगोळ येथील ५७ फूट उंच गोमटेश्वराच्या पायाशी असलेला मराठी शिलालेख भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यात मूर्ती करविणाऱ्या चावुंडराजाचे नाव आहे आणि आवार बांधविणाऱ्या गंगराजाचेही आहे. मूर्ती घडविणाऱ्याचे नाव नाही. ‘करविणे’ आणि ‘करणे’ यांतील हे अंतर आजही कायम आहे. उदगीरपासून जवळच असलेल्या होट्टल आणि निलंगा येथील मंदिरांवरील सुरसुंदरी आपण पाहतो, त्यांच्या शिल्पकारांची नावे सांगू शकत नाही. आज मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी चौकातील पुतळ्याचा चौथरा वाचून पाहावा. अनावरण करणाऱ्यांची, अध्यक्षांची आणि प्रमुख पाहुण्यांची नावे संगमरवरावर ठळक असतात. शिल्पकाराचे नाव सापडलेच तर एखाद्या कोपऱ्यात सापडते.

या अनास्थेची किंमत मोजावी लागते. सिंधुदुर्गातील राजकोट येथे डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या जागी सुतार यांच्या शिल्पशाळेने घडवलेला ६० फुटी कांस्यपुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला. पुतळा ही केवळ भावनेची बाब नसून ओतकाम, सांधे, वारा, गंज आणि वेळ यांचे शास्त्र आहे, हे या घटनेने सर्वांना दाखवून दिले. शिल्पकाराची निवड, त्याला मिळणारा अवधी आणि त्याच्या शब्दाला असलेले वजन यांचा विचार अनावरणाची तारीख ठरवण्यापूर्वी व्हायला हवा.

समारोप

राम सुतार यांना १९९९ मध्ये पद्मश्री, २०१६ मध्ये पद्मभूषण, २०१६ सालचा टागोर सांस्कृतिक सद्भाव पुरस्कार आणि २०२४ सालचा महाराष्ट्र भूषण हे सन्मान लाभले. मानसन्मानांत उणे काही राहिले नाही. राहिले आहे ते त्यांच्या कामाचे वाचन.

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, सुतार यांची कला तीन गोष्टींवर उभी आहे : कारागीर घराण्याची साहित्यनिष्ठा, जे. जे. चे शरीरज्ञान आणि वेरूळ-अजिंठ्याने दिलेला संयम. कल्पना, साहित्य, स्थळ आणि पद्धत या चारही बाबतींत शिल्पकाराचा हात एकजीव झालेला दिसतो तो चंबळ स्मारकात. म्हणून त्यांचे सर्वश्रेष्ठ शिल्प सर्वांत उंच शिल्प नसून सहा दशकांपूर्वीचे हे ४५ फुटी शिल्प आहे. गांधींच्या शिल्पांत त्यांनी साम्य आणि शांतता यांचा समतोल साधला. पटेलांच्या पुतळ्यात त्यांनी ढब राखली, पण शिल्पाचे बाकी बहुतेक निर्णय उंचीच्या आकांक्षेने घेतले.

हा दोष एका शिल्पकाराचा नाही. समाज शिल्पकाराकडे काय मागतो, यावर त्याच्या हातून काय घडते हे पुष्कळदा ठरते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांनी तरुण राम सुतार यांच्याकडे एक कल्पना मागितली आणि त्यांनी नदीला आई केले. नंतरच्या काळाने त्यांच्याकडे उंची मागितली आणि त्यांनी तीही दिली. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना वेरूळला नेताना कैलास लेण्याबरोबर २१ व्या लेण्यातील गंगेसमोरही थोडा वेळ उभे करावे. १९५४ ते १९५८ या काळात याच परिसरात एक तरुण शिल्पकार जुन्या हातांचे वळण शिकत होता, हे त्यांना तेथे सांगता येईल. गावी परतल्यावर त्यांनी आपल्या चौकातील पुतळ्याच्या चौथऱ्यावर शिल्पकाराचे नाव शोधावे, एवढा अभ्यासही सुरुवात म्हणून पुरेसा आहे.